शाळेत जीवशास्त्र घेऊन येतो, त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येक वेळी आमच्यातलं जो फोन उचलेल तो आपल्या मनाने काहीतरी उत्तर देतो, मग शाळेत गेल्यावर "पण त्या मॅडम तर म्हणाल्या होत्या की साप आणणार" असं ऐकावं लागतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. लांब झालंय, माहितीये. पाहिजे तेवढंच वाचा.

तुम्ही नेमके कोण आणि शाळेत येऊन करता काय?

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातली आम्ही मुलंमुली, काही एमएस्सीची, काही पीएचडीवाली, आणि दोन सर जे रविवारी सकाळी सातला पण गाडीत बसायला तयार असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत जातो. सोबत सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, आयोडीन, ड्रॉपर, चहाच्या गाळण्या, भांडी घासायचं लिक्विड, बस. प्रोजेक्टर नेत नाही. एकदा नेला होता, लाईट गेली ती गेलीच, आणि खरं सांगू का, तो दिवस सगळ्यात चांगला गेला कारण मग आम्ही पोरांना घेऊन सरळ शाळेमागच्या नाल्यावर गेलो. तेव्हापासून ठरवलं की पडद्यावर दाखवायचं नाही, समोरचं दाखवायचं.

फी किती?

काही नाही. चहा चालेल. जेवायला घालणारच असाल तर वरणभात घाला, शेवभाजी नंतर कधीतरी, कारण तर्री खाऊन दुपारच्या सेशनला सगळ्या टीमचे डोळे पाण्याने भरलेले असतात. एक कळकळीची विनंती म्हणजे सत्कार ठेवू नका. एका शाळेत शाल-श्रीफळ, स्वागतगीत, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत असं करत पाऊण तास गेला, पोरं उन्हात मांडी घालून बसलेली, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला प्रत्येकाला दहा सेकंद मिळाले. नारळ आम्ही घरी नेऊन काय करणार सांगा.

शाळेत लॅब नाही, लाईटचा भरवसा नाही, चालेल का?

चालेल, उलट बरं. आमचे बरेचसे सूक्ष्मदर्शक आरशाचे आहेत, खिडकीजवळ टेबल लावलं की झालं. फक्त एक नियम आम्ही शंभरदा सांगतो: आरसा आकाशाकडे धरायचा, थेट सूर्याकडे कधीच नाही, डोळा जाईल. शिवाय फोल्डस्कोप आहेत, म्हणजे कागदाचा घडी घालून बनवायचा सूक्ष्मदर्शक, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या लॅबमध्ये बनलेला. तो खिशात मावतो आणि पोरांच्या हातात निर्धास्त देता येतो, पडला तर पडला. खिचडी वाटतात तो व्हरांडा पण चालतो, फक्त आधी झाडून घ्या नाहीतर काचपट्टीखाली भाताचं शीत सापडतं आणि अर्धा वर्ग "सर, केवढा मोठा जंतू!" करत बसतो.

कोणत्या वर्गासाठी?

पाचवी ते नववी. दहावीवाल्यांना मनातून यायचं असतं पण त्यांचे सर घड्याळ बघत उभे असतात आणि "हे परीक्षेला येणार का" असं विचारतात. आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा, सगळीकडे येतो. वर्गात ऐंशी पोरं असतील तर दोन गट करा.

केळीतून डीएनए काढून दाखवता म्हणे, खरंच दिसतो का?

दिसतो, नुसत्या डोळ्यांनी. आणि जळगाव जिल्ह्यात केळी सोडून दुसरं काय घेणार! पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग, जितकं पिकलेलं तितकं चांगलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताने पार लगदा करायचा. अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे भांड्याचं लिक्विड हलक्या हाताने मिसळायचं, फेस नको, ते लगद्यात ओतायचं, पाच-दहा मिनिटं थांबून गाळणीने गाळायचं. मग मेडिकलवर मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, बर्फात ठेवून एकदम गार केलेलं, ग्लास तिरका धरून कडेकडेने हळू सोडायचं. दोन-तीन मिनिटांत मधल्या थरात पांढरे, कापसासारखे धागे वर यायला लागतात. ते काडीवर गुंडाळता पण येतात. अल्कोहोल पेट घेतं म्हणून जवळपास चूल, मेणबत्ती, उदबत्ती काही नको, आणि ते ओतायचं काम आम्हीच करतो.

का होतं तर पेशीभोवतीचं आवरण बरंचसं चरबीचं असतं, खरकट्या भांड्यावरचं तेल जसं लिक्विडने सुटतं तसं ते फुटतं. मिठामुळे डीएनएचे धागे एकमेकांना लांब ढकलत नाहीत, जवळ येतात. आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही म्हणून बाहेर पडतो. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर काडीवर जे येतं ते शुद्ध डीएनए नसतं, त्यात आरएनए, प्रथिनं वगैरे पण चिकटलेलं असतं, आणि डीएनएची ती प्रसिद्ध पिळाची शिडी काही डोळ्यांना दिसत नाही, लाखो धाग्यांचा तो गुंता असतो. हे आम्ही पोरांना पण सांगतो. फसवून थक्क करण्यात मजा नाही.

यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "मग केळीला बी का नाही?" रावेर-यावलकडच्या शाळेत तर हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला मृगबाग, कांदेबाग, पिलबाग (केळी लावायचे हंगाम आणि खोडवा) सगळं आमच्यापेक्षा जास्त कळत असतं, फक्त हे कोणी सांगितलेलं नसतं की आपल्या खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, तीनाची दोन सारख्या भागांत वाटणी होत नाही, म्हणून बी धरतच नाही. रान-केळीला असतं बी, दाताखाली खडे येतील असं. बी नाही म्हणून लागवड मुनव्यांची (बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांची) नाहीतर लॅबमध्ये वाढवलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपांची, म्हणजे ग्रँड नैन जातीच्या बागेतली सगळी झाडं जवळपास एकाच झाडाच्या नकला. मग आम्ही विचारतो की सगळे सारखेच असतील आणि त्यातल्या एकाला न झेपणारा रोग आला तर काय होईल? तिथे वर्ग शांत होतो, कारण बऱ्याच जणांनी घरी ते बघितलेलं असतं.

साप आणणार का?

नाही. नाही. नाही. कोणी फोनवर हो म्हटलं असेल तर चुकून म्हटलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, साप पकडून डब्यात घालून शाळाशाळांतून फिरवणं गुन्हा आहे, आणि तो डबा उघडला की शिकणं बाजूला राहून तमाशा सुरू होतो. आम्ही मोठे फोटो आणतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार ओळखायला शिकवतो कारण आपल्याकडे जे अँटिव्हेनम मिळतं ते याच चौघांच्या विषावर बनवलेलं असतं.

मण्यारीवर जास्त वेळ घालवतो. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही, खूण सुद्धा नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली असेल, आणि वेळ तिथेच जातो. खळ्यात, कापसाच्या ढिगाशेजारी, शेतातल्या झोपडीत झोपणाऱ्यांनी निदान खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी वापरावी, तेवढ्यानेही धोका बराच कमी होतो. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, अंगठी-कडं काढायचं, हातपाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना. साप शोधत बसू नका, डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात. भगताकडे नेऊ नका असं सांगितलं की गावात वाद होतो, म्हणून आम्ही असं सांगतो की भगताला पण गाडीत बसवा, पण गाडी दवाखान्याकडेच गेली पाहिजे.

बेडूक कापून दाखवाल का? आमच्या वेळी दाखवायचे.

नाही. कॉलेजातपण आता ते बंद झालंय. जिवंत बेडूक पावसाळ्यात शाळेच्या डबक्यात बघा, अंडी ते बेडूकमासा ते बेडूक सगळा सिनेमा फुकट आहे.

मुलांनी घरून काय आणायचं?

आपापल्या प्रश्नाचं काहीतरी. नाल्याचं पाणी बाटलीत, विहिरीवरचं शेवाळ, कुंडीतली माती. थंडीत हरभऱ्याचं, पावसाळ्यात भुईमूग नाहीतर उडदाचं एक रोप मुळासकट आणा, उपटायचं नाही, खुरप्याने अलगद खणून. मुळांवर बारीक गाठी दिसतील, नखाने फोडा, आतून गुलाबी निघाली तर गाठ कामावर आहे, आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतायत. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा. पोरं जेवढी डीएनए बघून उडत नाहीत तेवढी यावर उडतात.

आणि घरच्या टाकीतलं, रांजणातलं पाणी जरूर आणा. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे प्रत्येक घरात साठवण असते आणि डेंग्यूचा डास, एडिस, नेमका अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. एका आठवीच्या वर्गात वीसेक बाटल्या आल्या, त्यातल्या सहांत अळ्या वळवळत होत्या, आणि एक बाटली मुख्याध्यापकांच्या ऑफिसमधल्या कूलरची होती. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासायचं, नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी सुद्धा महिनोन् महिने टिकतात.

सिकलसेलबद्दल बोलाल का? आमची शाळा नंदुरबारकडे आहे.

बोलतो, आणि ह्या विषयाला पूर्ण दोन तास लागतात म्हणून आधी सांगा. सातपुड्याच्या गावांत हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण पोरांच्या डोक्यात तो कुठेतरी शाप, कुठेतरी संसर्ग असा असतो. संसर्ग नाही. जेवणातून, शिवण्यातून, एका बाकावर बसण्यातून होत नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, बस तेवढंच, पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून त्या भयंकर वेदना.

वर्गात आम्ही दोन वाट्या ठेवतो, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक तुरीचा दाणा, एक मुगाचा. तूर म्हणजे नेहमीचं जनुक, मूग म्हणजे सिकलचं. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा काढायचा, बघायचा, परत ठेवायचा, असं चाळीस वेळा. दोन मूग, म्हणजे बाळाला आजार, साधारण दहाच्या आसपास वेळा येतात, कधी सात, कधी तेरा. इथे मोठ्या माणसांचा पण एक गैरसमज निघतो. "चारात एकाला" याचा अर्थ लोक असा लावतात की पहिल्याला झाला म्हणजे पुढचे तीन सुटले. तसं नाही हो, दाणे दरवेळी वाटीत परत जातात, प्रत्येक बाळंतपणाला नव्याने पंचवीस टक्के. आणि ज्याच्याकडे एक तूर एक मूग, तो वाहक, आजारी नाही, उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला थोडं संरक्षण असतं, म्हणून तर मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकलं. लग्न ठरवताना दोघांचे रिपोर्ट बघा हे सांगतो, पण लग्न मोडा असं कोणाला सांगत नाही, तो आमचा अधिकार नाही.

शाळेत रक्त तपासत नाही. ते आरोग्य खात्याचं काम आहे, १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू आहे, २०४७ पर्यंतचं, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आणि एक आमची चूक पण लिहून ठेवतो. सुरुवातीच्या एका भेटीत आमच्यातल्या एकाने भोळेपणाने विचारलं की कोणाच्या घरी आहे, हात वर करा. मागच्या बाकावरच्या एका पोरीने हात वर केला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच खाली घेतला. परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. आता नवीन मुलं टीममध्ये आली की हा प्रश्न विचारायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगतो.

रानपिंगळा दिसेल का?

बहुतेक नाही, पण त्याची गोष्ट नक्की सांगू, कारण ती आपल्या खान्देशची आहे आणि आपल्याच पोरांना माहीत नसते. १८७३ मध्ये ह्यूम साहेबाने, तोच जो पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता, या घुबडाचं वर्णन छापलं. १८८४ नंतर खात्रीचा नमुना नाहीच. लंडनच्या म्युझियममध्ये एक नमुना १९१४ चा म्हणून होता, मायनर्ट्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा, गुजरातेतला. लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले आणि पक्षी काही सापडेना. मग पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी ते जुने नमुने तपासले तेव्हा कळलं की या गड्याने म्युझियममधलाच जुना पक्षी चोरून, नव्याने भरून, खोटं लेबल लावलं होतं! खोटी नोंद बाजूला केल्यावर जुन्या खऱ्या ठिकाणांकडे शोध वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी.

ही गोष्ट सांगून झाली की आम्ही पोरांच्या वहीत तारीख, वेळ, जागा लिहायला लावतो, आणि तेव्हा कोणी "कशाला" विचारत नाही. गावातला साधा पिंगळा आणि हा यातला फरक सोपा आहे, साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. यावल अभयारण्य, तोरणमाळ भागात तो आहे, पण नेमकी झाडं कोणाला सांगत नाही, आणि मोबाईलवर त्याचा आवाज लावून बोलवायचं तर अजिबात नाही, बिचारा दुसरा नर आला समजून पिल्लं सोडून भांडायला येतो.

शेतकऱ्यांसाठी काही आहे का? माझ्या केळीवर पट्टे आलेत.

भाऊ, पान घेऊन या, सूक्ष्मदर्शकाखाली बघू, करपा असेल तर बुरशी दाखवू पण शकतो. पण औषध कोणतं मारायचं ते आम्ही सांगत नाही, त्यासाठी पाल नाहीतर ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र, जळगावचं केळी संशोधन केंद्र. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), ज्याला हरण्या म्हणतात, त्याचं मात्र समजावून सांगतो कारण तिथे औषधाने पैसे जास्त वाया जातात. तो विषाणू आहे, झाडात शिरल्यावर त्याच्यावर फवारणी नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची या सगळ्यांत तो राहतो, म्हणजे कोवळ्या मृगबागेत आंतरपीक म्हणून काकडी लावली की पाहुण्याला घरातच खोली दिली. रोगट झाड दिसलं की लगेच मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करा. जीव तुटतो, कळतं.

मुलं अहिराणी बोलतात, पावरी बोलतात, त्यांना समजेल का?

आम्हालाच समजावून घ्यावं लागतं. टीममध्ये अहिराणीवाले बरेच आहेत, पावरीसाठी शाळेतले सर मदतीला लागतात. एकदा पॅरामिशियम (पाण्यातला एकपेशी जीव) बघून एक पोऱ्या म्हणाला, "सर, हाई जित्तं शे का?" म्हणजे हे जिवंत आहे का? त्या एका प्रश्नावर अर्धा तास गेला, जिवंत कशाला म्हणायचं, हलतं ते जिवंत तर मग पाण्यातला कचरा पण हलतो. पुस्तकात ते सात लक्षणांत संपतं.

देवाधर्माविरुद्ध बोलता का?

नाही. उत्क्रांती शिकवतो, ती जीवशास्त्र आहे. पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो का असं विचारलं तर नाही म्हणतो, उजेड नसताना कुठलंच झाड सोडत नाही. पिंपळाला पाणी घालू नका असं कोणी म्हटलेलं नाही, घाला की, त्याच्यावर पन्नास जातींचे जीव जगतात.

कधी बोलवायचं?

जुलै ते सप्टेंबर उत्तम, पाणी असतं, किडे असतात, चिखल असतो. मग नोव्हेंबर ते जानेवारी. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा हतनूरच्या बाजूच्या शाळांना धरणावर नेतो, बाहेरून आलेली बदकं दिसतात. मार्चनंतर नको, भुसावळच्या उन्हात ना तुम्ही टिकाल ना पॅरामिशियम. आणि २८ फेब्रुवारी सोडून कुठलाही दिवस मागा, विज्ञान दिन म्हणून त्या दिवशी सगळ्यांनाच आम्ही हवे असतो. मुख्याध्यापकांच्या सहीचं साधं पत्र पुरे, फक्त पटसंख्या खरी लिहा.

सर्टिफिकेट मिळेल का?

मुलांना नाही. शाळेला हवं असेल तर देऊ, फाईलला लागतं हे माहितीये.

एकदा येऊन गेल्यावर परत येता का?

येतो, सहा महिन्यांच्या आत. जाताना वर्गात एक काचेची बरणी ठेवून जातो, त्यात नाल्याचं पाणी आणि मूठभर वाळलेलं गवत. आठवड्याने एक थेंब काढून फोल्डस्कोपखाली बघायचा, काय दिसलं ते वहीत चित्र काढून, तारीख घालून ठेवायचं. नाव माहीत नसलं तर "लांबट, केसाळ, भोवऱ्यासारखं फिरणारं" असं लिहिलं तरी चालतं. आल्यावर आम्ही आधी ती वही मागतो. बरणीला वास येईल, शिपाईमामा ती फेकून द्यायच्या मागे लागतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि झाकण घट्ट लावू नका.